प्रारब्ध की उचल?

आपल्या घरांत तान्हे मूल दगावले, बाळंतीण खंगली, चाळिशीच्या आतच बाईची कंबर धरली, की म्हातारी माणसे कपाळाकडे बोट दाखवितात आणि म्हणतात, "सटवाईने लिहिले ते कोणाला चुकले आहे?" शिकली-सवरलेली मंडळी कपाळाचे नाव घेत नाहीत. ती म्हणतात, "हे लोक अडाणी, नेटके राहत नाहीत, वेळेवर दवाखान्यात जात नाहीत, त्याला कोण काय करणार?" पहिले उत्तर दोष देवाच्या माथी मारते, दुसरे रोग्याच्या. दोन्ही उत्तरांत सोय मात्र एकच आहे. देव आणि रोगी यांच्या मध्ये जे कोणी उभे असतात त्यांना खिशात हात घालावा लागत नाही. आज आम्हांस ह्या मधल्यांविषयी लिहावयाचे आहे.

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातून, आणि त्याच्या आसपासच्या अहिल्यानगर, धाराशिव, जालना, परभणी ह्या जिल्ह्यांतल्या कोरडवाहू गावांतून, ट्रक, ट्रॅक्टर व बैलगाड्या भरभरून माणसे निघतात. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे जातो, कोणी सातारा, सोलापूर, पुण्याकडे, कोणी पार कर्नाटकात. ऊस तोडावयाचा आणि पाडव्याच्या आगेमागे परत यावयाचे. अशी माणसे लाखांनी मोजावी लागतात. त्यांत वंजारी आहेत, बंजारा आहेत, मराठे, धनगर, दलित आहेत. ज्याच्या शेतात विहीर नाही व ज्याच्या हातच्या धंद्याला गिऱ्हाईक उरले नाही असा प्रत्येक जातीतला माणूस तेथे सापडतो. जातिभेद मोडण्याचे काम आम्ही इतकी वर्षे करीत आलो. दारिद्र्याने ते ऊसाच्या फडात असे करून दाखविले आहे.

ह्या धंद्यातले दोन शब्द वाचकांनी नीट ऐकावेत. एक "कोयता". कोयता म्हणजे लोखंडाचे हत्यार असे आपण समजतो. मुकादमाच्या वहीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी आला तर तो अर्धा कोयता. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मुकादम जी आगाऊ रक्कम देतो ती उचल ह्या जोडीवर दिलेली असते. घेतो नवरा, अंगठा किंवा सही नवऱ्याची, फेडतात दोघे. बाईची स्वतंत्र हजेरी नाही, स्वतंत्र मजुरी नाही, बहुतेक ठिकाणी वहीत तिचे नावही नाही. दुसरा शब्द "खाडा". एक दिवस कामावर गेले नाही की खाडा लागतो. त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर पाचशे रुपये किंवा त्याहून अधिक दंड उचलीत चढतो. ताप आला तरी खाडा. पोराला हगवण लागली तरी खाडा. बाळंतपणाचाही खाडा.

नारायण मेघाजी लोखंडे ह्यांचे नाव आमच्या वाचकांस नवे नाही. "दीनबंधू"चे संपादक असताना त्यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या व साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. त्यात काय मागितले होते? आठवड्याची रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर, आणि काम करिताना जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. रविवार मिळावयास १८९० साल उजाडले. पुढे १८९७ साली प्लेगाच्या साथीत रोग्यांच्या सेवेत असता लोखंडे वारले, आणि त्याच साथीत, त्याच वर्षी, रोग्यांची शुश्रूषा करिता करिता सावित्रीबाई गेल्या. त्या मागण्यांस आता एकशे चाळीस वर्षे उलटली. ऊसतोडणीच्या बाईस त्यातली एकही गोष्ट हक्काने मिळत नाही, रविवारदेखील नाही. कारखान्याचे गाळप थांबत नाही म्हणून तिने थांबावयाचे नाही.

आता हा कोयता माणसाच्या शरीरात कोठवर शिरतो ते पाहू.

तो जन्माच्या आधीच शिरतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ सालापासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांची व त्यांच्या मुलांची पाहणी चालविली. तेथली बाळे जन्मली तेव्हा त्यांचे सरासरी वजन २.७ किलो भरले; इंग्लंडातील साउदॅम्प्टन गावच्या बाळांचे ३.५ किलो. ह्या लहानशा बाळांच्या अंगी मांस फार कमी होते, पण चरबी त्या मानाने टिकून होती. अशा शरीराला मोठेपणी मधुमेह लवकर गाठतो. साखरेचा रोग हा गादीवर लोळणाऱ्या शेठजींचा, अशी आपली समजूत होती. आता तो नांगरामागे चालणाऱ्याच्या घरी का शिरला, ह्याचे अर्धेअधिक उत्तर येथे आहे. आईच्या पोटात ज्याने उपास काढला त्याचे शरीर पुढे काटकसरीनेच वागते.

त्या पाहणीत आणखी एक गोष्ट निघाली. ज्या बायांनी गरोदरपणी शेतातली व पाणी वाहण्याची जड कामे अधिक केली, त्यांची बाळे अधिक लहान जन्मली. म्हणजे डोक्यावरच्या हंड्याचे ओझे पोटातल्या बाळाच्या वजनातून वजा होते. ज्या बाया पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापतात, दिवसभर वाकून ऊस सोलतात, मोळ्या बांधतात आणि तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढतात, त्यांच्या बाळांचे वजन कोणत्या काट्यावर करावे? ऊसाचे वजन करावयास कारखान्याच्या दाराशी भला मोठा काटा आहे. मूल तोलण्याचा काटा तळावर आहे काय, हे आम्ही कारखान्याच्या संचालकांस विचारतो.

रक्ताची गोष्टही अशीच आहे. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायांपैकी शंभरात चौपन्न बायांच्या अंगात रक्त कमी आढळले. सर्वांचे जेवण झाल्यावर पातेल्यात जे उरते ते बाईने खावयाचे, ही रीत काही मुकादमाने घालून दिलेली नाही. ती आमच्या घरातली आहे आणि ती मोडण्यास सरकारची मंजुरी लागत नाही. एवढे सांगून पुढे जातो, कारण ह्या एका रीतीआड बाकीच्यांना लपू द्यावयाचे नाही.

मूल कोठे जन्मते? तळावर कोपीत. कोपी म्हणजे बांबू वाकवून वर ताडपत्री किंवा चटई टाकलेली. आत उभे राहता येत नाही. तिला दार नाही, दिवा असला तर नशीब, मोरी नाही, संडास नाही. डिसेंबरच्या थंडीत ओल्या रानात ओळीने अशा कोप्या उभ्या राहतात. तान्ह्या मुलाला मारावयास आणखी काय लागते? पण तान्ही मुले मरणारच असे कोणी म्हणू नये. गडचिरोलीच्या गरीब आदिवासी खेड्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनी गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायांस शिकवून तयार केले. बाळ उबेत कसे ठेवावे, श्वास कसा पाहावा, जंतुदोष कसा ओळखावा, औषध केव्हा द्यावे, एवढे त्या शिकल्या. पहिल्या महिन्यात मरणारी बाळे तेथे हजारी ६२ होती, ती काही वर्षांत २५ च्या आसपास आली. हे १९९९ साली जगापुढे मांडले गेले. तेथे दारिद्र्य हटले नव्हते, मोठे इस्पितळ गावोगाव झाले नव्हते. एक माणूस दारापर्यंत येऊ लागले होते. आशाताई आज गावोगाव आहेत ते त्याच वाटेने. पण आशाताईच्या वहीतली बाई दिवाळीनंतर दोनशे मैलांवर असते आणि तेथल्या आशाताईच्या वहीत तिचे नाव नसते. दोन वह्यांच्या मधल्या जागेत मूल जन्मते.

पुढची हकीकत आम्हां मास्तर लोकांस तोंडपाठ आहे. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडते तेव्हा हजेरीपटावर काही नावांपुढे रेघ ओढीत जावे लागते. मुलगा असेल तर कधी आजीपाशी मागे राहतो. दहा-अकरा वर्षांची मुलगी असेल तर ती हटकून जाते, कारण धाकट्याला कोपीपाशी सांभाळणार कोण? साखरशाळा निघाल्या व मिटल्या. हंगामी वसतिगृहांची योजना आहे. जेथे ते वेळेवर उघडते आणि जेवण नीट मिळते तेथे पोरे टिकतात, हे आम्ही पाहिले आहे. पण पुष्कळ ठिकाणी मंजुरी येते तोवर ट्रक निघून गेलेले असतात. चैत्रात मुलगी परत येते ती मागे पडलेली. दोन वर्षे असे झाले की तिला स्वतःलाच वर्गात बसण्याची लाज वाटते. मग तिचे लग्न निघते.

ह्यावर शहरातले लोक आईबापांस शिव्या देतात. आम्हीही मुलीचे लग्न अठराच्या आत करणे हे पापच मानतो आणि कायद्यानेही तो गुन्हा आहे. परंतु आईबापांचा प्रश्न खोटा नाही. वयात आलेली मुलगी दार नसलेल्या कोपीत ठेवावी कशी, आणि गावी ठेवावी तर कोणाच्या भरवशावर? तिकडे मुलाच्या बापाचा हिशेब असा की, लग्न झाले म्हणजे अर्धा कोयता पुरा होतो आणि नव्या कोयत्यावर नवी उचल मिळते. हुंडा देणारे, घेणारे आणि अक्षता टाकणारे आपण सारे असतो. लग्नाचा मुहूर्त मात्र साखरेच्या हंगामाने काढलेला असतो. वर सांगितलेल्या पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायांपैकी शंभरात बावीस जणींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. बीड जिल्ह्यात हा आकडा चव्वेचाळीसच्या जवळ आणि परभणीत अठ्ठेचाळीस. पंचांग तर सगळ्या जिल्ह्यांत एकच आहे.

सोळा-सतराव्या वर्षी पहिले बाळंतपण, विशीत दोन-तीन मुले, आणि मध्ये एकही विसावा नाही. फडात संडास नाही म्हणून बाई पाणी कमी पिते. पाणी कमी म्हणून लघवीचा आजार. पाळीच्या दिवसांत कपडा बदलण्यास आडोसा नाही, धुण्यास स्वच्छ पाणी नाही. अंगावरून जाणे सुरू होते, ओटीपोट दुखते. हा आजार औषधाने बरा होणारा असतो. पण औषधास आठ-पंधरा दिवस दवाखान्यात फेऱ्या घालाव्या लागतात आणि प्रत्येक फेरीस खाडा आहे. तेव्हा गावाकडे आल्यावर ती खासगी डॉक्टरकडे जाते आणि तेथे तिला सांगण्यात येते की, पिशवी खराब झाली आहे, ठेवलीस तर कॅन्सर होईल, काढून टाक.

२०१९ साली ह्या गोष्टीचा बोभाटा झाला तेव्हा सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ बायांची गर्भपिशवी काढलेली आढळली. शंभरात जवळजवळ सतरा. त्याआधी २०१५-१६ च्या पाहणीत साऱ्या महाराष्ट्रात हे प्रमाण शंभरात तीनही नव्हते. ह्यांत तिशीच्या आतल्या बाया आहेत. वाचकांनी क्षणभर थांबून विचार करावा. एका जिल्ह्यातल्या, एका धंद्यातल्या बायांच्याच पिशव्या खराब व्हाव्यात असे सटवाईने ठरविले काय? आणि अडाणीपणाने हे झाले म्हणावे, तर शस्त्र ज्यांच्या हाती होते ते अडाणी नव्हते.

पुष्कळ बाया ह्यास आपण होऊन तयार झाल्या असे सांगितले जाते. झाल्या असतील. पाळी गेली म्हणजे खाडा गेला, असा तो हिशेब आहे. ज्या कामाच्या रीतीत शरीराचा एक अवयव काढून टाकणे हे बाईला हिशेबाचे वाटते, त्या रीतीविषयी आणखी काय लिहावे?

पुढे काय होते हे तिला कोणी सांगत नाही. पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर तिशीतल्या बाईला एका दिवसात पन्नाशी येते. बीजकोश ठेवले तरी ते पुष्कळदा लवकर थकतात. हाडे ठिसूळ होतात, अंगाची आग होते, झोप जाते, हृदयाचे दुखणे लवकर येण्याचा धोका वाढतो. मोळी मात्र तेवढीच जड राहते. शस्त्रक्रियेचे पैसे बहुधा मुकादमाकडूनच उचललेले असतात. ते फेडावयास पुढच्या हंगामात टाके ओले असतानाच ती फडात उभी राहते. अशा रीतीने उचलीने आजार, आजाराने उचल. पन्नाशीत ती ऊस तोडू शकत नाही तेव्हा तिच्या हाती ना निवृत्तिवेतन, ना भविष्यनिर्वाह निधी, ना वहीत नाव. सून नवा कोयता होते आणि ही नातवंडे सांभाळते.

कोणी म्हणेल, हे सारे गरिबीचे गाऱ्हाणे आहे, गरीब मरतातच. तर दोन दाखले देतो. १९२१ साली मुंबई शहरात नोंदल्या गेलेल्या जन्म-मृत्यूंचा हिशेब खोल्यांप्रमाणे लावला गेला. एका खोलीत राहणाऱ्यांची हजारातली आठशेंहून अधिक बाळे वर्षाच्या आत मेली असे निघाले. चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत सुमारे एकशे तेहेतीस. हिशेबी वाचक म्हणेल की, चाळीतल्या बाया बाळंतपणास गावी जात, जन्म गावी नोंदला जाई आणि मृत्यू मुंबईत, म्हणून आकडा फुगला. खरे आहे, फुगला असेल. पण दोन खोल्यांत तो तीनशेंवर आणि तीन खोल्यांत दोनशेंच्या आत येतो. खोलीगणिक मरण कमी होत जाते. तेच शहर आणि तीच हवा; तरी भिंत वाढली की मूल जगे.

दुसरा दाखला लंडनचा. तेथे १९६७ साली सरकारी कचेऱ्यांतल्या सुमारे अठरा हजार पुरुष नोकरांची पाहणी सुरू झाली. मायकेल मार्मट ह्या डॉक्टरांनी ती पुढे नेली. हे कोणी उपाशी नव्हते. सर्वांस पक्की नोकरी, सर्वांस सरकारी औषधोपचार मोफत. तरीही सर्वांत खालच्या पायरीवरचे शिपाई सर्वांत वरच्या साहेबांच्या तिपटीने मेले, आणि मधल्या पायऱ्यांवरचे मधल्या प्रमाणाने. विडी-सिगारेटचा हिशेब वजा केला तरी बराचसा फरक उरला. पुढच्या पाहण्यांतून असे दिसले की, आपल्या कामावर आपला ताबा किती, केव्हा थांबावे हे आपण ठरवू शकतो की नाही, ह्याचाही परिणाम हृदयावर होतो. रात्री बारा वाजता गाडी आली तरी उठून मोळ्या भराव्या लागणाऱ्या माणसाला हे शास्त्र शिकवावयास नको.

तेव्हा मधले कोण? मुकादमास शिव्या देणे सर्वांत सोपे आहे. पण तो स्वतःच पुष्कळदा दहा वर्षांपूर्वीचा कोयता असतो आणि उचल बुडाली तर त्याची जमीन जाते. त्याच्या मागे वाहतूक ठेकेदार, त्याच्या मागे कारखाना. कारखाना म्हणतो हे आमचे कामगार नव्हेत, ठेकेदाराचे. ठेकेदार म्हणतो मी तर नुसता वाहतूकवाला. मालक नाही म्हणून बाळंतपणाची रजा नाही, जखमेची भरपाई नाही.

आणि हा कारखाना कोणाचा? १९५० साली प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा पहिला सहकारी साखर कारखाना चालू झाला, तेव्हा बहुजनांच्या हाती प्रथमच धुराडे आले. त्याचा आम्हांस अभिमान आहे. शेटजी-भटजींच्या नावाने बोटे मोडणे आम्हांस सोपे जात असे, कारण ते परके होते. येथे अध्यक्ष आपला, संचालक आपले, सभासद बागाइतदार आपला, डॉक्टरही आता पुष्कळ ठिकाणी आपलाच. ज्याच्या बांधावर कोपी उभी आहे तो आमचा वर्गणीदार आहे, हे आम्ही जाणून लिहीत आहोत. त्यास राग आला तर येवो. त्याच्या विहिरीचे पाणी ऊसाला चालते. कोपीतल्या बाईने घागर भरली तर मोटार बंद का होते?

२०१९ नंतर बीडमध्ये पिशवीच्या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घ्यावी असा नियम झाला. ऊसतोड कामगारांसाठी महामंडळही निघाले. नियम चांगला आहे. पण पाणी, संडास आणि सुटी नसेल तर आजार तसाच राहील आणि शस्त्रक्रिया दुसऱ्या जिल्ह्यात होईल. आमचे मागणे शस्त्रक्रियेच्या आधीचे आहे. ऊस तुटतो त्या तळावर नळ व संडास कारखान्याने बांधावा. हे काही मोठे कार्य नव्हे; गाळपाच्या परवान्याबरोबर ही अट घालता येते. आठवड्यास एक पगारी सुटी द्यावी, आजारपणाचा व बाळंतपणाचा खाडा कायमचा बंद व्हावा. बाईचे नाव वहीत वेगळे लागावे आणि तिची मजुरी तिच्या खात्यात पडावी. सभासद शेतकऱ्यांनी कारखान्याच्या वार्षिक सभेत हे ठराव मांडावेत. ऊसाला दर मागताना त्यांचा आवाज फार मोठा असतो, तो आम्ही ऐकला आहे.

जाणाऱ्या गावांस आमची विनंती वेगळी आहे. ट्रक येण्याच्या आधी, भाद्रपद-आश्विनातच, ग्रामसभा भरवून कोण कोण जाणार ह्याची यादी करावी. त्यांतल्या गरोदर बाया कोणत्या, दोन वर्षांखालची मुले किती, हे आशाताई व अंगणवाडीताईंकडून लिहून घ्यावे आणि ज्या गावच्या शिवारात टोळी उतरणार तेथल्या आरोग्य केंद्रास ती यादी पोहोचवावी. आता हे काम फोनवर होते. गरोदर बाई सहा महिन्यांच्या पुढे असेल तर तिच्या वाटची उचल घेऊ नये म्हणून भावकीने त्या घरास दाणागोटा द्यावा. वसतिगृहाचा प्रस्ताव शाळेने व शाळा समितीने श्रावणातच पाठवावा, म्हणजे दिवाळीला चूल पेटलेली असेल. कोणा बाईला पिशवी काढ असे सांगितले गेले तर तिने सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरास दाखविल्याशिवाय होकार देऊ नये, आणि सोबत वाचता येणारी एखादी शेजारीण न्यावी. ज्या गावांनी ह्यांतले काही करून पाहिले असेल त्यांनी यादी किती जणांची झाली, वसतिगृहात मुले किती राहिली, हे आम्हांस कळवावे. आकड्यांसह आले तर पुढील अंकी छापू.